लायडनला जायचंय? आधी हा 'पस्सातो' कोण ते बघू

ताई, इतिहासात एम.ए. झालंय, विषय शिवकाळातला कोकण किनारा. वेंगुर्ल्याच्या डच वखारीची कागदपत्रं नेदरलँड्समध्ये आहेत म्हणून लायडनला पीएचडी करायचं डोक्यात आहे. पण सर म्हणतात आता सगळं ऑनलाइन आहे, तिकडे जाऊन काय वेगळं करणार. आणि मला डच अजिबात येत नाही. काय करू?

तुझे सर अर्धे बरोबर आहेत. डच ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणजे व्हीओसीचं दप्तर हेगच्या नॅशनल आर्काइव्हमध्ये आहे, सेंट्रल स्टेशनला अगदी खेटून ती इमारत. बाडं एकाशेजारी एक लावली तर सव्वा किलोमीटरच्या आसपास जातील एवढा तो पसारा, आणि 2003 पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत आहे. त्यातलं बहुतेक स्कॅन झालंय, 1.04.02 हा त्याचा नंबर, तो पाठच होऊन जाईल तुला, आणि घरी बसून फुकट बघता येतं. वर आता कॉम्प्युटरने हस्ताक्षर वाचून टाइप केलेला मजकूरही मिळतो, त्यात शब्द टाकून सर्च मारता येतो. त्यामुळे जुनं बाड हातात घेऊन वास घ्यायचा वगैरे डोक्यात असेल तर काढून टाक, जे स्कॅन झालंय त्याचं मूळ बाड सहसा देत नाहीत.

मग जायचं कशाला? तर माझाच एक किस्सा सांगते. मी लायडनला नवीन असताना एका पत्रात 'पस्सातो' असं नाव सापडलं, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, हा कोणीतरी इटालियन नाहीतर पोर्तुगीज व्यापारी किनाऱ्यावर सगळीकडे फिरतोय आणि आजवर कोणाच्या नजरेलाच आला नाही असं वाटून मी तीन दिवस त्याच्या नावाने वेगळी फाइल केली, टाचणं काढली, तो कुठून कुठे गेला त्याचा नकाशासुद्धा काढला. आमचा आठवड्याला एकदा वाचन गट भरायचा, पाचसहा जण, स्क्रीनवर एक पान लावायचं आणि ओळीओळीने मोठ्याने वाचायचं. मी ऐटीत माझा व्यापारी मांडला. पलीकडे बसलेले एक म्हातारे गृहस्थ, सगळी हयात याच कागदांत गेलेली, ते हळूच म्हणाले, 'अगं, पस्सातो म्हणजे गेल्या महिन्यात. बारा पस्सातो म्हणजे गेल्या महिन्याची बारा तारीख.' माझा व्यापारी जागीच खलास. सगळे हसले, मीही हसले, नंतर बाथरूममध्ये जाऊन थोडं रडले ते वेगळं.

लायडनला जायचं ते यासाठी. कागद तुझ्या लॅपटॉपवरही येईल, पण तू चुकीचं वाचलंस हे सांगणारं माणूस लॅपटॉपमधून येत नाही. कॉम्प्युटरचं वाचन तर अजून धोक्याचं, कारण तो चुकला तरी छान छापील अक्षरात चुकतो.

आता वेंगुर्ल्याबद्दल. वखार 1637 ची, आणि तिथल्या डचांना शिवाजी महाराजांच्या हालचालींची बारीक खबर असायची कारण माल आणि वाटा दोन्ही त्यावर अवलंबून. पत्रांत नाव 'सेवागी', 'सिवागी' असं कसंही येतं, गावाचं नाव 'विंगुर्ला', म्हणून सर्च करताना एकाच स्पेलिंगवर थांबू नकोस. आणि एक लक्षात ठेव, हेगमध्ये जे आहे त्यातलं खूपसं मूळ पत्र नाहीच, बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तातल्या कंपनीच्या मुख्य ठाण्यात, कारकुनांनी उतरवून मायदेशी पाठवलेल्या नकला आहेत. म्हणजे ज्याने कोकण कधी बघितलाच नाही अशा माणसाने आपल्या गावांची नावं उतरवलीयेत. एखादं गाव नकाशावर सापडत नसेल तर आधी कारकुनावर संशय घे, मग स्वतःवर.

तारखांचं तर अजूनच मजेशीर. हॉलंडने नवीन, म्हणजे आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर 1583 मध्येच घेतलं, इंग्रजांनी थेट 1752 मध्ये. त्यामुळे सतराव्या शतकात एकाच दिवशी सुरतेचा इंग्रज आणि डच दोघांनी पत्र लिहिलं तर तारखेत दहा दिवसांचा फरक. आपण राज्याभिषेक 6 जून 1674 म्हणतो ती जुनी, इंग्रजांच्या हिशोबाची तारीख, डच कारकुनाच्या कॅलेंडरवर तो दिवस 16 जून. हे डोक्यात नसेल तर 'डचांना दहा दिवस उशिरा कळलं' असं छान चॅप्टर लिहून बसशील.

भाषेचं टेन्शन घेऊ नकोस. आधी आजची डच शीक, निदान पेपर वाचता येईल इतपत, मग जुनी लिपी. 2000 च्या दशकात लायडनने तानाप नावाचा कार्यक्रमच चालवला होता, आशियातल्या मुलांना बोलावून डच शिकवायची आणि याच कागदांवर संशोधन करून घ्यायचं, म्हणजे शून्यातून सुरुवात करणारी तू पहिली नाहीस. अर्ज करायच्या आधी तीस पानं स्वतः वाचून उतरवून बघ. कंटाळा आला तर विषय बदल, कारण पुढची चार वर्षं दिवसभर हेच आहे. मिरी किती, जायफळ किती, बाकी किती, आणि उजवीकडे गुल्डन, स्टाव्हर, पेनिंग या डच नाण्यांचे तीन रकाने. वीस स्टाव्हरचा गुल्डन, सोळा पेनिंगचा स्टाव्हर. महाराजांबद्दलची ओळ अशा चाळीस पानांनंतर एक येते.

मॅडम, मुलीला नेदरलँड्सच्या विद्यापीठात पीएचडीची 'पोझिशन' मिळते आहे. ती म्हणते फी नाही, उलट पगार मिळेल. हे खरं असतं का? शिवाय तिला मास्टर्सला दहापैकी साडेसात मिळाले, ते कमी नाहीत ना?

खरं आहे, घाबरू नका. नेदरलँड्समध्ये अशा पोझिशनवरचा पीएचडीवाला विद्यापीठाचा नोकरदारच असतो, साधारण चार वर्षांचा करार, पगार, पेन्शन, आणि वर्षाच्या पगाराच्या आठ टक्के सुट्टीभत्ता वेगळा. थोडं शिकवावंही लागतं. फक्त ऑफर लेटरमध्ये नेमणूक नोकरीची आहे ना ते तिला नीट वाचायला सांगा, कारण बाहेरून पीएचडी करणारेही असतात, त्यांना पगार नसतो आणि खर्च स्वतःचा किंवा स्कॉलरशिपचा.

साडेसात चांगलेच आहेत हो. तिथे साडेपाच-सहाला पास, आठ म्हणजे फार छान, नऊ क्वचित. त्यांच्यात म्हणतातच की दहा देवाला आणि नऊ मास्तरांना. तिला पेढे वाटू द्या.

मैत्रिणीचा लायडनला पुढच्या महिन्यात पीएचडीचा डिफेन्स, म्हणजे तोंडी परीक्षा आहे आणि ती मला म्हणते तू माझी पॅरानिम्फ हो. मी हो म्हणून बसले. हे नक्की काय असतं? मला प्रश्न विचारतील का??

नाही विचारणार, शांत हो. पॅरानिम्फ दोन असतात, करवल्या समज. चांगले कपडे घालून तिच्या बाजूला राहायचं. बाकी धावपळ मात्र तुमचीच, पाहुणे, फुलं, नंतरची पार्टी.

कार्यक्रम रापेनबुर्ग कालव्याकाठच्या जुन्या अकादमी इमारतीत होतो. प्राध्यापक झगे घालून ओळीने आत येतात, प्रश्नोत्तरं बरोब्बर पाऊण तास. पंचेचाळीस मिनिटं झाली की पेडेल नावाचा अधिकारी काठी आपटून लॅटिनमध्ये म्हणतो 'होरा एस्ट', वेळ झाली. तेव्हा ती वाक्याच्या मध्यावर असली तरी तिथेच थांबायचं. माझं उत्तर 'आणि म्हणूनच' ला तुटलं होतं, पुढे काय म्हणणार होते ते आजही आठवत नाही.

त्याच इमारतीत 'घामाची खोली' आहे, पूर्वी मुलं निकालाची वाट बघत तिथे घाम गाळायची. भिंती सह्यांनी भरल्यात, पदवी मिळाली की तिनेही करायची, त्यामुळे चांगलं लिहिणारं पेन पर्समध्ये ठेव. आणि तिच्या थीसिसची एक कॉपी खुणा लावून हाताशी असू दे, समोरच्याने 'पान 214 वर तुम्ही म्हणता' असं सुरू केलं की स्वतःचंच पान सापडत नाही.