गोळी स्वस्त मागायला लाजू नका

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना शुगर आणि बीपी दोन्ही आहे. कापूस घरात पडून आहे, भाव नाही. महिन्याची औषधं परवडत नाहीत म्हणून ते गोळ्या एक दिवसाआड घेतात. डॉक्टरांकडे स्वस्त औषध मागितलं तर ते रागावतील का?
– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : ताई, जरूर मागा. पण त्याआधी ते गोळ्या एक दिवसाआड घेतात, हे डॉक्टरांना सांगा. नाहीतर बीपी वाढलेलं बघून डॉक्टर आणखी एक गोळी देतील आणि खर्च अजून चढेल.

मी अमळनेरला फॅमिली डॉक्टर आहे. मेडिकलवर बिल किती झालं, ते पेशंटने सांगितलं तरच आम्हाला कळतं. एखादी आजी "डॉक्टर, सस्ती गोयी शे का?" असं सरळ विचारते, तेव्हा मला खरंच बरं वाटतं.

जाताना जुनी चिठ्ठी, बिलं आणि रिकाम्या पट्ट्या न्या. शुगरची मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ही जुनी, भरवशाची औषधं आहेत आणि जेनेरिकमध्ये, म्हणजे मोठ्या ब्रँडऐवजी मूळ नावाने मिळणारं तेच औषध घेतलं तर, बरीच स्वस्त पडतात. शुगरचंच व्हिल्डाग्लिप्टिन आधी महाग होतं. डिसेंबर २०१९मध्ये त्याचं पेटंट, म्हणजे ते बनवण्याचा एकाच कंपनीचा हक्क, संपलं, अनेक कंपन्यांनी तीच गोळी काढली आणि किंमत झपाट्याने उतरली. तरी कितीतरी चिठ्ठ्यांवर पूर्वीचा महागडा ब्रँडच चालू असतो, कारण बदलायचं कुणाच्या ध्यानात येत नाही.

अजून एक विचारा : यातली कुठली गोळी आता बंद केली तर चालेल? अ‍ॅसिडिटीची गोळी, ताकदीची कॅप्सूल पुष्कळदा थोड्या दिवसांसाठी दिलेली असते आणि वर्षभर सुरू राहते. स्वस्त ब्रँड शोधण्याआधी मी स्वतः चिठ्ठीतून अशी नावं खोडतो.

शुगर-बीपीची नेहमीची औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपजिल्हा रुग्णालयात मोफत असतात. तिथे एखादी गोळी नसली, तर जनऔषधी केंद्रात (सरकारी योजनेतल्या स्वस्त जेनेरिक औषधांच्या दुकानात) पट्टीवरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव दाखवा. घरात कुणाला थायरॉईडची, फिट्सची किंवा रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी असेल, तर तिची नुसती कंपनी बदलायचीही डॉक्टरांना विचारूनच.

याच आठवड्यात जा. तोवर चुकलेला डोस भरून काढायला त्यांनी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत, शुगर अचानक खाली जाऊ शकते. मेटफॉर्मिनच्या पट्टीवर 'एसआर' (पोटात हळूहळू विरघळणारी) लिहिलं असेल, तर ती गोळी चुरून किंवा चावून घेऊ नये.