दिल्लीच्या फेऱ्या वाचवण्यासाठी 30 लाखांचं कर्ज काढावं का?

प्रश्न थोडक्यात असा. निफाड तालुक्यातले एक वाचक, वय 46. एप्रिल 2018 मध्ये घेतलेली दहा टायरी गाडी, कर्ज फिटलेलं. पिंपळगाव आणि लासलगावहून कांदा-टोमॅटो भरून दिल्लीच्या आझादपूर मंडीत जातात, बाकीच्या दिवसांत हैदराबाद-बंगळूर. बीएस-4 (भारत स्टेज, म्हणजे गाडीच्या धुरावरच्या नियमांचा चौथा टप्पा) गाड्यांना दिल्लीत प्रवेश 31 ऑक्टोबर 2026 पर्यंतच. डीलर जुन्या गाडीचे 11 लाख देतोय, नवी बीएस-6 गाडी बॉडीसह 41 लाखांना पडते. उरलेल्या 30 लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी साडेदहा टक्क्यांनी मिळतंय. मुलगी बारावीत आहे, तिच्या नावाने 8 लाखांची मुदत ठेव आहे. घरखर्च महिना 38 हजार. ‘आत्ता गाडी बदलली नाही तर धंदा बसेल. ठेव मोडून कर्ज कमी करू का? नाहीतर बायकोचे दागिने तारण ठेवू का?’ असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, नवी गाडी आत्ता घेऊ नका. ठेव मोडू नका आणि वहिनींच्या दागिन्यांना हात लावू नका. असं का म्हणतो ते तुम्ही पाठवलेल्या वहीतल्या आकड्यांवरूनच सांगतो. वही नीट ठेवलीत म्हणूनच इतकं ठामपणे बोलता येतंय.

आधी नियम नेमका काय आहे ते बघू, कारण ढाब्यावर ऐकलेल्या आणि मोबाइलवर फिरणाऱ्या गोष्टींत तीन वेगळे नियम एकमेकांत मिसळलेले असतात. दिल्ली आणि आसपासच्या हवेसाठी नेमलेल्या केंद्रीय आयोगाने 1 नोव्हेंबर 2025 पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-3 आणि त्याहून जुन्या मालवाहू गाड्यांना दिल्लीत बंदी केली. बीएस-4 ला एक वर्षाची सवलत दिली, तीच ही 31 ऑक्टोबर 2026 ची तारीख. तुमची गाडी एप्रिल 2017 नंतरची, म्हणजे बीएस-4 असणार. तरी आरसीवर एकदा खात्री करा. दुसरी गोष्ट, ‘दहा वर्षांची डिझेल गाडी बंद’ हे दिल्ली-एनसीआरपुरतं आहे. ते 2015 च्या हरित लवादाच्या आदेशातून आलं आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केलं. नाशिकच्या गाडीला महाराष्ट्रात असं वयाचं कुलूप नाही. तिसरी गोष्ट, नॅशनल परमिट. तीन ॲक्सलच्या गाडीला ते 15 वर्षांपर्यंत मिळतं, म्हणजे तुमच्या गाडीला 2033 पर्यंत. थोडक्यात, तुमच्यासाठी बंद होतेय ती दिल्ली. गाडी बंद होत नाहीये.

एक खर्च मात्र तुमच्या पत्रात आला नाही. एप्रिल 2026 मध्ये गाडीला आठ वर्षं पूर्ण होतात. तिथून पासिंग दोन वर्षांऐवजी दरवर्षी करावं लागतं आणि मालवाहू गाडीला महाराष्ट्राचा पर्यावरण करही लागू होतो. पासिंगच्या आधीची डागडुजी धरून हे पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा.

आता वही. गेल्या वर्षी दिल्लीच्या 22 फेऱ्या झाल्या. डिझेल, टोल, ड्रायव्हर, टायर, विमा सगळं वजा करून एका फेरीत सरासरी 26 हजार सुटले. म्हणजे 5 लाख 72 हजार. बाकीच्या मार्गांवरून 3 लाख 64 हजार. एकूण 9 लाख 36 हजार, महिन्याला 78 हजार. दिल्ली गेली तर 5 लाख 72 हजार बुडाले, असं तुम्ही धरलंय. पण भाऊ, एका फेरीला आठ दिवस धरले तर त्या 22 फेऱ्यांत गाडीचे 176 दिवस गेले. दिल्ली बंद झाली म्हणून ते दिवस गाडी दारात उभी राहणार नाही. दक्षिणेच्या मार्गावर तुम्हाला दिवसाला साधारण 2,400 रुपये सुटतात. त्या 176 दिवसांपैकी निम्म्याच दिवसांना लोड मिळालं असं हात राखून धरू. तरी दोन लाखांच्या वर येतात. म्हणजे दिल्लीशिवाय तुमची कमाई महिन्याला सुमारे 48 हजार राहते. नुकसान 30 हजारांचं. ते लहान नाही, झोप उडवणारंच आहे. पण घर चालतं आणि 10 हजार उरतात.

नवी गाडी घेतली तर? हप्ता महिना 64,500 रुपये. कमाई 78 हजार तशीच राहिली असं धरू. दुरुस्ती कमी होईल, पण नव्या गाडीचा विमा जड असतो. वर युरिया, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी बीएस-6 गाडीत वेगळ्या टाकीत भरावं लागणारं द्रावण, डीईएफ. डिझेलच्या साधारण पाच टक्के धरा. महिन्याला साडेसहा हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला 80 लिटर, म्हणजे साडेचार हजारांच्या आसपास. सगळं मिळून 75 हजार हातात. हप्ता भरल्यावर उरतात 10,500. घरखर्च 38 हजार. बाकीचे कुठून आणणार? ठेव मोडून कर्ज 22 लाखांवर आणलं तर हप्ता 47,300 होतो आणि हातात 27,700 राहतात. तेही पुरत नाहीत, आणि मुलीच्या शिक्षणाचे पैसेही गेलेले असतात. दागिन्यांवर पैसे उचलले तर त्या कर्जाचं व्याज वेगळं.

तुम्ही म्हणाल, पाच वर्षांनी नवी गाडी माझी होईल. होईल, आणि तिचे 18-20 लाख येतील असं धरू. पण जुन्या गाडीवर राहिलात तर महिन्याला 37,500 जास्त हातात राहतात, पाच वर्षांत साडेबावीस लाख. जुन्या गाडीचे जे येतील ते वर. पारडं तिथेही नव्या गाडीकडे झुकत नाही. शिवाय एखाद्या हंगामात कांद्याची निर्यात अडली, भाव पडले, मोंढ्यात माल आला नाही, तर हप्ता थांबत नाही. निफाडच्या माणसाला हे मी काय सांगणार.

इंजिन बनवणाऱ्यांनी हाच हिशेब कसा केला तेही बघण्यासारखं आहे. जानेवारी 2016 मध्ये सरकारने बीएस-5 वगळून थेट बीएस-6 वर जायचं ठरवलं आणि 1 एप्रिल 2020 ची तारीख दिली. जड डिझेल इंजिनांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा दर युनिट कामामागे 3.5 ग्रॅमवरून 0.4 ग्रॅमवर आली. त्यासाठी काजळी अडवणारा फिल्टर, युरियाची टाकी, कॅटॅलिस्ट, सेन्सर हे सगळं गाडीवर चढलं. मारुतीने एप्रिल 2019 मध्ये जाहीर करून टाकलं की वर्षभरात डिझेल गाड्या बंद. पुण्याजवळ रांजणगावला बनणारं फियाटचं 1.3 लिटरचं डिझेल इंजिन, जे मारुती आणि टाटाच्या कितीतरी गाड्यांत होतं, तेही तिथेच थांबलं. पैसे नव्हते म्हणून नव्हे. लहान गाडीच्या किमतीत हा खर्च भरून निघणार नाही, हे त्यांना दिसलं. ट्रक बनवणाऱ्यांना तशी वाट नव्हती, कारण जड मालाला डिझेलच लागतं. त्यांनी खर्च केला आणि तो चेसिसच्या किमतीत आला. तुम्हाला 41 लाखांचा आकडा दिसतो त्याचं एक कारण तेच. मला विचाराल तर नियम योग्य आहे. दिल्लीचा नोव्हेंबरचा धूर तुमचा ड्रायव्हरही छातीत घेतो. पण नियम योग्य आहे म्हणून त्याचा सगळा भार एका गाडीच्या मालकाने पाच वर्षांत आणि घर गहाण पडेल अशा बेताने उचलावा, हे मला पटत नाही.

मधली वाट आहे, जुनी बीएस-6. साधारण 24 लाखांना चार वर्षं वापरलेली गाडी मिळते, असं तुम्हीच लिहिलंय. 13 लाखांचं कर्ज, वापरलेल्या गाडीला व्याज जास्त म्हणून 13 टक्के, चार वर्षं. हप्ता 34,900. दुरुस्ती थोडी जास्त धरून कमाई 73 हजार मानली, तर हातात 38,100 राहतात. घरखर्चाला काठोकाठ. शंभर रुपयांवर संसार चालवायला मी सांगणार नाही. पण दोन अटींवर मी या वाटेला हो म्हणेन. एक, तुमचे पिंपळगावचे व्यापारी किंवा ट्रान्सपोर्टवाले वर्षाला 22-24 फेऱ्यांचं भाडं लिहून द्यायला तयार असतील. नोव्हेंबरनंतर दिल्लीला जाणाऱ्या गाड्या कमी होतील, भाडं वाढण्याची शक्यता आहे, त्यामुळे हे आत्ता बोलण्यासारखं आहे. दोन, गाडीची तपासणी अधिकृत वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून झाली पाहिजे. युरियाचा खर्च वाचवायला काही जण यंत्रणा बंद करून सेन्सरला फसवणारा डबा बसवतात. माझ्याकडे येणाऱ्या एका गाडीमालकाने अशी गाडी स्वस्तात घेतली. फिल्टर आणि कॅटॅलिस्ट बदलण्यात त्याचा वाचलेला सगळा पैसा गेला, वर महिनाभर गाडी उभी. युरिया स्वतःही सीलबंदच घ्या, सुट्टा नको.

अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर जुनी गाडी दक्षिणेला चालवा. दिल्लीचं लोड मिळालं तर ते बीएस-6 वाल्या ओळखीच्या मालकाला द्या आणि दलाली घ्या. अडत्यांशी असलेली तुमची ओळख हीसुद्धा कमाईच आहे. उरणारे 10 हजार दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाका. दोन वर्षांत अडीच लाखांच्या वर जमतील. तोवर 2021-22 च्या बीएस-6 गाड्या जास्त संख्येने विकायला आलेल्या असतील. जुन्या गाडीची किंमत तोवर दोन-तीन लाखांनी उतरेल, हे खरं. उत्तरेचं गिऱ्हाईक तुटेल म्हणून ती आणखीही उतरू शकते. ते नुकसान मी धरूनच बोलतोय.

डीलर घाई करेल, ‘ही ऑफर महिनाअखेरपर्यंतच’ म्हणेल. त्याला 11 लाखांचा आकडा कागदावर लिहून द्यायला सांगा आणि तो कागद घेऊन दक्षिणेकडच्या दोन गिऱ्हाइकांनाही गाडी दाखवा. तिकडे बीएस-4 ला दिल्लीची अडचण नाही.

शेजारच्या दोन-तीन गावांतल्या व्यापाऱ्यांशी बोलून झालं की फेऱ्यांचा आकडा मला कळवा. लिहून दिलेल्या फेऱ्या 22 च्या खाली असतील तर वापरलेल्या बीएस-6 चा विषय दोन वर्षं बाजूला ठेवू, आणि 31 ऑक्टोबरच्या आधी ज्या दिल्लीच्या खेपा होतील त्यांतल्या एकीचे 26 हजार तेवढे पासिंग आणि कराच्या खात्यात टाका.