पात्र खेळाडूच्या हाती येते तेव्हा

प्रश्न : काही व्हिडिओ गेम कादंबरीइतके मनाला भिडतात, असे माझा मुलगा सांगतो. त्याने दाखवलेल्या गेममधील दृश्ये डोळे दिपवणारी होती, पण पात्रे मात्र माहिती पुरवण्यापुरतीच येऊन जात होती. कथाप्रधान गेममध्ये लेखनाला खरोखर किती महत्त्व असते? — एक वाचक, सांगली

उत्तर : कथाप्रधान गेम तरतो किंवा बुडतो तो लेखनावरच, असे माझे ठाम मत आहे, मात्र येथे लेखन म्हणजे केवळ संवाद नव्हेत. कादंबरीतील नायकाची चूक वाचक पाहतो, गेममध्ये ती खेळाडूच्या हातून घडते. म्हणून पात्राच्या तोंडी काय घालायचे यापेक्षा खेळाडूला त्या पात्रासाठी किंवा त्याच्याविरुद्ध काय करावे लागेल, हे ठरवणे लेखकाचे पहिले काम असते.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा ‘द विचर ३’ हा गेम २०१५ मध्ये आला. त्यातील ब्लडी बॅरनचे प्रकरण आजही आवर्जून अभ्यासावे असे आहे. राक्षसांची शिकार करणारा गेराल्ट आपल्या मानसकन्येच्या, सिरीच्या शोधात या बॅरनकडे येतो. बेपत्ता पत्नी आणि मुलगी शोधून दिल्यास सिरीची माहिती देतो, असा सौदा बॅरन करतो. तपास पुढे सरकतो तसे कळत जाते की त्या दोघी याच दारुड्या माणसाच्या मारहाणीला विटून पळाल्या आहेत, आणि पोटातच गेलेले, नाव न ठेवता पुरलेले मूल आता पिशाच होऊन हिंडते आहे. ते अर्भक बॅरनने स्वतः उचलून घरापर्यंत न्यायचे, त्याला नाव द्यायचे आणि उंबरठ्याखाली पुरायचे, असा एक मार्ग खेळाडूपुढे असतो. तो निवडला, तर वाटेत बॅरनचे रक्षण करण्याची जबाबदारी खेळाडूवर येते. ज्याची किळस वाटू लागलेली असते, त्याच्याच सोबतीने रात्री चालावे लागते. बॅरनला क्षमा करावी, असे लेखक कोठेही सुचवत नाहीत, किंवा त्याच्या दुःखामुळे त्याचा गुन्हाही सौम्य करत नाहीत.

याच प्रकरणात पुढे झाडात कोंडलेल्या एका शक्तीला सोडवायचे की मारायचे, हे ठरवावे लागते. सोडवले तर काही अनाथ मुले वाचतात, पण बॅरनची पत्नी जिवाला मुकते आणि बॅरन गळफास घेतो. मारले तर पत्नी भ्रमिष्ट अवस्थेत का होईना जगते, बॅरन तिला उपचारांसाठी दूर घेऊन जातो, पण मुलांचा घात होतो. हे परिणाम बऱ्याच उशिरा समोर येतात, आणि कोणता पर्याय चांगला याची पाटी कोठेही लावलेली नसते. निर्णय मागे फिरवावा असे वाटेपर्यंत खेळाडू बराच पुढे गेलेला असतो.

‘डिस्को एलिसियम’ (२०१९) या गेममध्ये तर नेहमीच्या अर्थाने लढाईच नाही. रॉबर्ट कुर्विट्झ हे त्याचे प्रमुख लेखक असून त्याची संहिता दहा लाख शब्दांहून मोठी आहे. दारूच्या नशेत स्वतःचे नावही विसरलेल्या पोलीस तपास अधिकाऱ्याच्या डोक्यात २४ कौशल्ये बोलत असतात. ती त्याला सल्ले देतात आणि कित्येकदा चुकीचेही देतात. या सगळ्या गोंधळाशेजारी किम कित्सुरागी हा सहकारी वही उघडून शांतपणे उभा असतो. तो क्वचितच कौतुक करतो, आणि म्हणूनच आपल्या वागण्याने त्याची मान खाली जाऊ नये, असे खेळाडूला वाटू लागते. गुणांची पट्टी किंवा बक्षीस न देता एका संयमी माणसाच्या मताची किंमत खेळाडूला वाटायला लावणे, हे माझ्या मते या माध्यमातील अत्यंत अवघड काम आहे.

प्रश्न : ‘मास इफेक्ट ३’च्या शेवटावरून २०१२ मध्ये खेळाडू इतके का संतापले होते? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपले निर्णय लक्षात ठेवले जातील, असा शब्द बायोवेअर या कंपनीच्या या गेममालिकेने २००७ पासून खेळाडूंना दिला होता. तिसऱ्या भागात तो अनेक ठिकाणी उत्तम पाळलेलाही आहे. क्रोगन या परग्रहवासी वंशाची प्रजननक्षमता खुंटवणाऱ्या जैविक अस्त्रावर काम केलेला शास्त्रज्ञ मॉर्डिन दुसऱ्या भागात त्या कामाचे समर्थन करतो आणि तिसऱ्या भागात तेच मोडून काढायला निघतो. त्याचा निरोप घेताना खेळाडूला आधीची प्रत्येक चर्चा आठवते. अखेरीस मात्र सर्वांपुढे जवळपास तेच मोजके पर्याय आले आणि त्यांची दृश्ये मुख्यतः रंगापुरती वेगळी निघाली. शेवट दुःखद होता ही मुख्य तक्रार नव्हती, आपल्या निर्णयांची दखल त्यात दिसली नाही ही होती. त्याच वर्षी जूनमध्ये बायोवेअरने विस्तारित शेवट विनामूल्य दिला. त्याने बरेच खुलासे झाले, मूळ रचना मात्र तीच राहिली.

प्रश्न : पुण्यात तयार झालेला ‘राजी’ हा गेम मला दिसायला फार आवडला, पण राजीशी नाते जुळले नाही. मी एकांकिका लिहिते. गेमसाठी लिहायचे असेल तर काय वेगळे करावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या या गेमचा मला मनापासून अभिमान वाटतो, आणि तरीही आपले निरीक्षण मला मान्य आहे. राजीची सारी धडपड पळवून नेलेल्या धाकट्या भावासाठी, गोलूसाठी आहे; पण त्याच्यावर जीव जडावा इतका वेळ आपल्याला त्याच्यासोबत मिळत नाही. शिवाय कथेतील बराचसा भाग दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून कळतो, त्यामुळे राजीचे मन आपल्याला स्वतः शोधावे लागत नाही. अपहरणापूर्वी दोघा भावंडांनी मिळून एखादी कसरत करण्याचा छोटा प्रसंग खेळाडूच्या हाती दिला असता, तर पुढील प्रत्येक लढाईला वजन आले असते.

आपण आपल्याच एकांकिकेतील एक प्रवेश घ्या आणि त्यातील एका पात्राचे निर्णय दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्या. त्यासाठी ट्वाइन हे मोफत साधन पुरेसे आहे. त्यात प्रोग्रॅमिंग न शिकताही फाटे फुटणारी कथा रचता येते आणि मराठीतही लिहिता येते. आरंभी दोनच फाटे ठेवा, पण पहिल्या निर्णयाचा पडसाद तिसऱ्या प्रसंगात कोणाच्या तरी बोलण्यात उमटेल, याची काळजी घ्या. मग तो प्रवेश एखाद्या मैत्रिणीला खेळायला द्या, शेजारी बसा, काहीही समजावून सांगू नका, आणि ती कोठे थबकते ते टिपून ठेवा.