पहिल्यांदा रॅपलिंग, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरणं, करताना सगळ्यात जास्त भीती कधी वाटते?

कड्याच्या काठावर, पहिल्या दोन पावलांना. दरीकडे पाठ करून मागे रेलायचं असतं आणि अख्खं शरीर 'नको' म्हणत असतं. मी भिवपुरीच्या धबधब्यावर पहिल्यांदा उतरलो तेव्हा वरच पाय लटपटायला लागले होते.

गंमत अशी की भीतीपोटी माणूस कड्याला चिकटायला जातो आणि तिथेच पाय घसरतो. तळवे खडकावर सपाट टेकवून, पाय फाकवून, खुर्चीत बसल्यासारखं मागे रेललं की पकड मिळते. दोर डिसेंडरमधून, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या धातूच्या साधनातून, वळसे घेत जातो, त्या घर्षणामुळे वेग आपल्या हातात राहतो. म्हणजे अक्षरशः हातात: खालचा, ब्रेकचा हात काही झालं तरी सोडायचा नाही. केस बांधा, ओढणी-मफलर काढून ठेवा. डिसेंडरमध्ये अडकलं तर अधांतरी लटकाल.

दहा-पंधरा फुटांनंतर भीती ओसरते आणि मजा सुरू होते. पुढे ड्यूक्स नोज किंवा सांधण दरीसारखे मोठे कडे उतरायचे असतील तर आधी छोट्या कड्यावर हात बसवा. आणि हो, आयोजक सुरक्षेचा दुसरा, वेगळा दोर बांधत नसतील तर पैसे भरलेले असले तरी सरळ घरी या.