मिसळ सोडण्याआधी हेल्मेटचं अस्तर बघ

वय 23 लिहिलं आहेस, म्हणून सरळ अरे-तुरेवर येतो. पंचवटीतून सातपूरला बाईकवर ये-जा, शिफ्टची नोकरी, जिम आणि व्हे प्रोटीन सुरू केल्यावर कपाळ, गाल, पाठ सगळीकडे पिंपल्स. आई म्हणते अंगात उष्णता झालीये, मिसळ बंद कर. मित्राने मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली, ती लावू का, असं तू विचारलंयस.

आधी ती ट्यूब. मागे बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असलं काही छापलंय का बघ. असेल तर ते स्टेरॉइड आहे, चेहऱ्याला लावायचं नाही. चार दिवस चेहरा असा नितळ दिसतो की माणूस मेडिकलवाल्याला दुवा देतो. मग त्याच क्रीमने पुटकुळ्या येतात, कातडी पातळ आणि लाल होते, आणि लावणं थांबवलं की भडका उडतो. लावायला सुरुवात करून बरेच दिवस झाले असतील तर स्वतःच्या मनाने काही न करता त्वचारोगतज्ज्ञ गाठ.

आता मिसळ. पोटात गेलेलं तेल चेहऱ्यावर फुटून येत नाही. वयात आल्यावर हार्मोन्समुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, मेलेल्या पेशींनी छिद्राचं तोंड बुजतं, आत जंतू वाढतात आणि सूज येते. यात तर्रीचा थेट संबंध नाही. संशय घ्यायचाच तर सोबतच्या पावावर, नंतरच्या जिलेबीवर आणि शिफ्टमधल्या गोड चहांवर घे. रक्तातली साखर झटकन चढली की इन्सुलिन वाढतं आणि त्यातून तैलग्रंथींना चालना मिळते. 2007 साली ऑस्ट्रेलियात 15 ते 25 वयाच्या मुलांवर 12 आठवड्यांचा एक प्रयोग झाला होता. साखर हळू चढवणारं जेवण घेणाऱ्यांचे मुरुम बाकीच्यांपेक्षा जास्त कमी झाले. मुलं जेमतेम चाळीसएक होती, त्यामुळे तेवढ्यावरून भाकरी सोडून उपास धरू नकोस. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, भाजी हे घरचंच आहे. मिसळ रविवारी खा, पाव एक कमी घे.

व्हेचं मात्र मी गांभीर्याने घेईन. ते दुधातूनच काढतात. दूध आणि मुरुम यांचा संबंध बऱ्याच पाहण्यांमध्ये दिसलाय, पण दुधानेच मुरुम होतात हे त्यातून सिद्ध होत नाही. व्हे सुरू केल्यावर मुरुम उसळल्याच्या नोंदीही डॉक्टरांनी केल्यात. तुझं टायमिंग जुळतंय, तर दोन-अडीच महिने बंद ठेवून बघ. अंडी, डाळी, शेंगदाण्यांवर भागतं. फक्त त्याच वेळी बाकीचं सगळंही बदलू नकोस, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

ताटात काय येतं त्यापेक्षा चेहऱ्याला दिवसभर काय चिकटून असतं याकडे कोणी बघतच नाही. एप्रिलमधलं नाशिकचं ऊन, आत हेल्मेट, त्याखाली रुमाल, आणि अस्तर घेतल्यापासून कधी धुतलेलं नाही. घाम आणि घर्षण याने मुरुम चिडतात. अस्तर निघत असेल तर दर आठवड्याला धू, रुमाल रोज बदल. केसांना खोबरेल चोपडून निघत असशील तर कपाळावरचे बारीक दाणे तिथूनही आलेले असू शकतात. जिममधून आलास की ओला टी-शर्ट काढून आंघोळ. पाठीवरचे दाणे एकसारखे आणि खाजरे असतील तर ते बुरशीचेही असू शकतात, त्यावर मुरुमांचं औषध चालत नाही.

चेहरा दिवसातून दोनदा, साध्या फेसवॉशने. लिंबू, टूथपेस्ट, सोडा अजिबात नको. आपल्या कातडीवर जळजळीचे काळे डाग महिनोन् महिने राहतात. झोप आणि ताण? परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांचे मुरुम वाढलेले अभ्यासात दिसलेत. पण नाइट शिफ्ट काही तुझ्या हातात नाही, तिचा घोर लावून घेऊ नकोस.

आणि हे सगळं करूनही खरं काम औषधच करतं. डॉक्टर बहुतेक ॲडापेलीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड देतील. सुरुवातीला कोरडेपणा, सालं निघणं होतं, आणि फरक दिसायला 8 ते 12 आठवडे जातात. बरेच जण तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात. बेन्झॉइल पेरॉक्साइडने उशीचा अभ्रा पांढरा पडतो, जुना वापर. आत दुखणाऱ्या गाठी असतील किंवा खड्डे पडायला लागले असतील तर घरगुती प्रयोगात वेळ घालवू नकोस.

डॉक्टरकडे जाशील तेव्हा व्हेचा डबा सोबत ने. जिममध्ये कोणी पावडर, गोळ्या किंवा इंजेक्शन दिलं असेल तर तेही न लाजता सांग. शरीर कमावण्याच्या स्टेरॉइड्सनी येणारे मुरुम फार वाईट असतात. व्हिटॅमिन बी-12 ची इंजेक्शनं चालू असतील तर तीही सांग, काही जणांना त्यानेही पुटकुळ्या येतात.