उकिरड्यातल्या अळ्या: मारायच्या कोणत्या, ठेवायच्या कोणत्या?

प्रश्न (सांवेर, जि. इंदूर): उकिरड्यात बोटाच्या पेराएवढ्या चपट्या, तपकिरी अळ्या झाल्या आहेत. गोठ्यात माश्याही फार. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक ओतू का? खताबरोबर अळ्या शेतात गेल्या तर सोयाबीनला लागतील का?

उत्तर: ओतू नका. वर्णनावरून या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या, म्हणजे सोल्जर माशीच्या, अळ्या दिसतात. घरमाशीची अळी पांढुरकी, तोंडाकडे निमुळती, जेमतेम सेंटिमीटरभर. आधी पाय आहेत का ते पाहा. पाय असतील, अंग इंग्रजी 'सी'सारखं वळलेलं आणि डोकं तांबूस असेल, तर ती हुमणी किंवा गेंडा भुंग्याची अळी. ती वेचून मारा. कच्च्या खतातून सोयाबीनच्या मुळांशी पोचते ती हुमणी. घरमाशी आणि सोल्जर माशी, दोघींच्या अळ्या बिनपायाच्या, उभ्या पिकाला लागत नाहीत.

घरमाशी ओल्या शेणावर एका वेळी 75 ते 150 अंडी घालते. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत नवी माशी उडते आणि शेणावरून थेट ताटावर बसते. हगवणीचे जंतू असेच घरात येतात. सोल्जर माशी गांधीलमाशीसारखी काळी, पण तिला नांगी नाही आणि ताटाशीही तिला काम नाही. ती कचऱ्याजवळच्या कोरड्या फटीत अंडी घालते. तिच्या अळ्या दाटल्या की घरमाशीला तिथे जम बसवता येत नाही. विषाने दोघी मरतात, पण घरमाशी दहा दिवसांत परत येते आणि सोल्जर माशीची पुढची पिढी यायला महिना-सव्वा महिना जातो. तोटा कोणाचा, ते दिसतंच आहे.

शेण रोज उचला, मूत्र चरातून बाजूला काढा, ताज्या शेणावर चार बोटं कोरडं कुटार (भुसा) पसरा. खत मुठीत दाबून पाणी ठिबकलं तर आणखी कुटार मिसळा. दर पाच-सहा दिवसांनी कडेचा थर आत ओढा: मधला भाग 55-60 अंशांपर्यंत तापतो, अळ्या तिथे टिकत नाहीत, माश्या वाढतात त्या गार कडांना.

थर आत ओढण्याआधी सोल्जर माशीच्या मोठ्या अळ्या घमेल्याने वेगळ्या टाक्यात हलवा. भाजीचा कचरा 5 सेंमीच्या थराने घाला. जाड थर आंबतो, तापतो आणि अळ्या पळतात. काळपट झालेल्या अळ्या कोषासाठी आपणच कोरड्यात चढतात. तिरकी फळी आणि टोकाला बादली ठेवली की वेचायचे कष्ट नाहीत. वाळवून कोंबड्यांना द्या, थोड्या पुढच्या पिढीसाठी सोडा.

काड, तुराट्या मात्र त्यांना पचत नाहीत. ते काम बुरशी-जिवाणूंचं. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 मध्ये इंदूरलाच बसवलेल्या खतपद्धतीत पलटीवर भर आहे तो त्यासाठीच. अळ्यांनी सोडलेला चोथा पक्कं खत नव्हे. तो उकिरड्यात मिसळून निदान महिनाभर कुजवा, मगच शेतात न्या.