रोटरी इंजिन स्पोर्ट बाईकमध्ये का येत नाही

परभणीच्या भावानं विचारलंय की रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतो ते) एवढं छोटं अन् ताकदीचं असून आजच्या स्पोर्ट बाईकमध्ये कंपन्या का टाकत नाहीत, अन् टीव्हीएसनं नॉर्टन ही ब्रिटिश बाईक कंपनी घेतली तर आता तरी येईल का.

भावा, ताकदीचा प्रश्न कधीच नव्हता. १९९२ ला स्टीव्ह हिस्लॉपनं नॉर्टनच्या ५८८ सीसी रोटरीवर आयल ऑफ मॅनची सिनिअर टीटी ही रस्त्यावरची रेस मारली, मागं यामाहावर कार्ल फोगार्टी होता अन् फरक फक्त ४.४ सेकंदांचा. त्याच नॉर्टनवर काम केलेल्या ब्रायन क्रायटननं पुढं सीआर७००डब्ल्यू काढली, ६९० सीसी, २२० एचपी अन् वजन १२९.५ किलो, काय गाडी आहे राव! पण ती फक्त ट्रॅकवर चालवायची, रस्त्यावर नाही.

खरी गोची सीलची, म्हणजे आतला गॅस गळू न देणाऱ्या पट्टीची. मी वाळूजला मशीन शॉपमध्ये आहे, रिंगा रोज हातात असतात. पिस्टन रिंग बोटांनी आवळून बोअरमध्ये (सिलेंडरच्या भोकात) सोडली की स्वतःच फाकते अन् चहूबाजूंनी भिंतीला टेकते. रोटरच्या तीन टोकांना मात्र नुसत्या पट्ट्या, ॲपेक्स सील, त्या भिंतीला एका रेषेवरच टेकतात अन् फिरताना त्यांचा कोन सारखा बदलत राहतो. त्यात हाऊसिंगच्या (रोटर ज्यात फिरतो त्या खोक्याच्या) एकाच बाजूला कायम स्फोट अन् दुसऱ्या बाजूला कायम थंड हवा आत येणार, म्हणजे एक बाजू जास्त फुगते, दुसरी कमी, अशा भिंतीवर त्या पट्टीनं नीट बसायचं कसं?

त्या सीलला ऑइल पाजावं लागतं अन् ते जळतं, आपल्या आरएक्स१०० सारखं. वर चेंबर लांबट चपटं, जाळ शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर पेट्रोल तसंच सायलेन्सरमधून बाहेर जातं. बीएस६ च्या प्रदूषण नियमाला हे कसं पास करायचं सांग. अन् उष्णता इतकी की सुझुकीच्या आरई५ ला (१९७४, ४९७ सीसी) मोठा रेडिएटर अन् वरून ऑइल कूलर लावावा लागला, इंजिन छोटं पण गाडी जडच झाली, २-३ वर्षांत बंद. आपल्याकडं मे महिन्यात ४३ डिग्रीत सिग्नलला उभं राहून बघ म्हणजे कळंल.

माझ्या मते त्याची खरी जागा माझ्दानं २०२३ ला एमएक्स-३० कारमध्ये दिली तीच, एक रोटर, ८३० सीसी, चाकाला न जोडता नुसता बॅटरी चार्ज करायला. टीव्हीएसनं नॉर्टन घेतली २०२० ला, पण तिची सुपरबाईक १२०० सीसी व्ही४, म्हणजे चार सिलेंडरचं पिस्टनवालंच इंजिन आहे, त्यामुळं रोटरीची वाट बघत पैसे धरून बसू नको, आवडती गाडी घेऊन टाक.